आसनाचा प्रश्न आणि बी. के. एस. अय्यंगार

आसन या शब्दाचा मूळ अर्थ बसणे, आणि ज्यावर बसायचे ती वस्तू. देवघरातला लोकरीचा तुकडा आसन आणि पद्मासनही आसनच. छत्रपती संभाजीनगरपासून तीसेक किलोमीटरवर असलेल्या वेरूळच्या लेण्यांत हा अर्थ दगडात कोरलेला सापडतो. बाराव्या लेण्याच्या, म्हणजे तीन तालाच्या, वरच्या मजल्यावर ध्यानस्थ बुद्धांची रांग आहे. एकोणतिसाव्या लेण्यात शिव योग्याच्या रूपात कमळावर बसला आहे. बत्तिसाव्या, इंद्रसभा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जैन लेण्यात बाहुबली उभा आहे, आणि त्याच्या अंगावर वेली चढल्या आहेत. तो इतका वेळ हलला नाही, की वेलींना तो झाड वाटला. बौद्ध, शैव आणि जैन या तिघांचे मोक्षाविषयीचे मत जुळत नाही. पण तिघांच्या शिल्पींनी साधकाचे शरीर एकाच रीतीने दाखवले आहे: ताठ कणा, स्थिर अंग, आत वळलेली नजर. शीर्षासन, त्रिकोणासन, धनुरासन यांपैकी काही या मूर्तींत नाही. आसन म्हणजे शरीर बाजूला ठेवण्याची सोय, जेणेकरून पुढचे काम विनाअडथळा व्हावे, असाच तिथला भाव आहे.

आज योग म्हटले की डोळ्यांपुढे येते ते वेगळेच चित्र: चटईवर ओळीने उभी माणसे, पाय फाकलेले, हात ताणलेले, समोर सूचना देणारा शिक्षक. हे चित्र जगभर पोहोचवण्यात ज्यांचा सर्वांत मोठा वाटा, ते बेल्लूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार सत्त्याहत्तर वर्षे पुण्यात राहिले आणि शिकवत राहिले. चिनी परंपरेत ताई चीच्या शिक्षकाचे जे स्थान, शरीराच्या संथ, काटेकोर हालचालींतून काही तरी अशारीरिक शिकवणाऱ्याचे, तेच महाराष्ट्रात अय्यंगारांचे. त्यांच्या आयुष्यभराच्या कामातून एक जुना तात्त्विक प्रश्न नव्याने उभा राहिला: शरीर घडवून आत्मज्ञान होते का? आणि आसन शिकवणाऱ्याला गुरू म्हणायचे की कसरतीचा मास्तर?

हा प्रश्न मुळात पतंजलीच्या योगसूत्रांतलाच आहे. एकूण १९५ सूत्रे (काही पाठांत १९६), आणि त्यांपैकी आसनाच्या वाट्याला तीन. पहिल्यात आसन स्थिर आणि सुखाचे असावे असे सांगितले आहे; दुसऱ्यात प्रयत्न सैल झाला आणि चित्त अनंताशी लागले की ते साधते असे; आणि तिसऱ्यात, ते साधले की थंडी-ऊन, सुख-दुःख अशी द्वंद्वे माणसाला हाणत नाहीत असे. कोणत्याही विशिष्ट आसनाचे नाव सूत्रांत नाही. पतंजली आठ अंगांपैकी यम, नियम, आसन, प्राणायाम आणि प्रत्याहार या पाचांना बाहेरची अंगे मानतो. धारणा, ध्यान आणि समाधी ही तीन आतली. शिवाय त्याचे तत्त्वज्ञान सांख्यांचे आहे. शरीर, इंद्रिये आणि मनसुद्धा प्रकृतीच्या बाजूला. पुरुष म्हणजे शुद्ध द्रष्टा तेवढा दुसऱ्या बाजूला. कैवल्य म्हणजे त्या द्रष्ट्याने आपण प्रकृती नाही हे ओळखणे. ज्याच्यापासून सुटायचे ते शरीरच सुटकेची वाट कशी होईल, ही अडचण इथे उघड आहे.

हठयोग्यांनी दिशा बदलली. स्वात्माराम यांच्या पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिकेत १५ आसने आहेत, पुढच्या घेरंडसंहितेत ३२. त्यांच्या दृष्टीने शरीर टाकाऊ नव्हे. ते भाजून पक्के करायचे मडके आहे. कच्च्या मडक्यात पाणी टिकत नाही. पण या वाटेने सिद्धींचे आकर्षण आले, आणि त्यामुळे विचारवंतांचा तिटकाराही. १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'राजयोग' या ग्रंथात स्वामी विवेकानंदांनी हठयोगाला बाजूला सारले. ज्याचे साध्य दीर्घायुष्य, त्याचा अध्यात्माशी संबंध नाही, असा त्यांचा रोख होता. विसाव्या शतकाच्या आरंभी सुशिक्षित भारतीयाला आसने म्हणजे जत्रेतल्या गोसाव्याचे खेळ वाटत.

मराठी मनात हा वाद आणखी जुना आणि आणखी धारदार आहे. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये नेवाशाला गीतेवर टीका सांगितली. सहाव्या अध्यायात गीता योग्याच्या बैठकीविषयी थोडक्यात सांगते. ज्ञानेश्वर त्या थोडक्या शब्दांतून नाथपंथाचा सगळा कुंडलिनीयोग उलगडतात, बैठक कशी घालावी, टाच कुठे यावी, कणा कसा सरळ व्हावा इथपर्यंत. ते स्वतः नाथपंथी गुरूचे शिष्य होते, म्हणून हे वर्णन बाहेरून केलेले वाटत नाही. पण वारकरी परंपरेने पुढे धरला तो नाममार्ग. योगसिद्धीवरची तिची टीका चांगदेवाच्या कथेत एकवटली आहे. प्राणायामाच्या बळावर चौदाशे वर्षे जगलेला, वाघावर बसून येणारा हा योगी ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसला. मायना काय लिहावा हे ठरेना: वयाने लहान म्हणून आशीर्वाद, की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार? शेवटी त्याने कागद कोराच पाठवला. ज्ञानेश्वरांच्या बहिणीने, मुक्ताबाईने, तो पाहिला आणि इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिला, असे म्हटले. उत्तरादाखल ज्ञानेश्वरांनी लिहिलेल्या पासष्ट ओव्या 'चांगदेव पासष्टी' म्हणून प्रसिद्ध आहेत. गोष्ट दंतकथेची असली तरी तिच्यातला आक्षेप नेमका आहे: शरीरावरचा ताबा हे ज्ञान नव्हे. अय्यंगारांना ज्या प्रश्नाला आयुष्यभर तोंड द्यावे लागले तो मूळचा मुक्ताबाईचा प्रश्न आहे.

अय्यंगारांचा जन्म १४ डिसेंबर १९१८ चा, कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यातल्या बेल्लूरचा. इन्फ्लुएंझाची जागतिक साथ चालू होती आणि आईलाही तिने गाठले होते. तेरा भावंडांत ते अकरावे. वडील शिक्षक होते. मुलगा नऊ वर्षांचा असताना ते वारले. मलेरिया, विषमज्वर, क्षय असे आजार बालपणी एकामागोमाग आले. हातपाय काटक्यांसारखे, पोट पुढे, डोके जड, असे स्वतःचे वर्णन ते पुढे करत. पुढच्या आयुष्यात ज्या शरीराची छायाचित्रे जगभर शिक्षणासाठी वापरली गेली, त्याची सुरुवात अशी होती.

१९३४ मध्ये त्यांना म्हैसूरला नेले ते थोरल्या बहिणीचे यजमान तिरुमलै कृष्णमाचार्य यांनी. कृष्णमाचार्य हे संस्कृतचे पंडित, षड्दर्शनांचे अभ्यासक आणि म्हैसूरच्या कृष्णराज वडियार चौथे यांच्या आश्रयाने जगन्मोहन राजवाड्यात योगशाळा चालवणारे. आधुनिक आसनाभ्यासाच्या बहुतेक मोठ्या शाखा तिथूनच फुटल्या. पट्टाभी जोइस आणि इंद्रा देवी हेही कृष्णमाचार्यांचेच शिष्य. या रोगट मेहुण्याकडे मात्र त्यांचे फारसे लक्ष नव्हते. त्यांचा पट्टशिष्य एक दिवस निघून गेला आणि प्रात्यक्षिक तोंडावर आले, तेव्हा हा मुलगा पुढे केला गेला. शिकवणी कडक होती, धाकाची होती. अंग तयार नसताना करायला लावलेल्या आसनांच्या दुखापती अय्यंगारांना कित्येक वर्षे जाणवत राहिल्या. प्राणायाम तर गुरूंनी शिकवलाच नाही; छाती अजून त्या लायकीची नाही, असे त्यांचे म्हणणे. तो अय्यंगारांना पुढे स्वतःच, अनेक वर्षांच्या अपयशातून, बसवावा लागला. शिष्याच्या शरीराची तयारी पाहिल्याशिवाय त्याला काही करायला लावू नये, हा त्यांच्या अध्यापनाचा पाया या शिकवणीच्या उणिवेतूनच आला असावा.

म्हैसूरच्या योगशाळेविषयी इतिहासकारांत एक वाद आहे, आणि तो या प्रश्नाला लागूनच आहे. मार्क सिंगल्टन यांनी २०१० च्या 'योगा बॉडी' या पुस्तकात मांडले की आजची आसनपद्धती प्राचीन हठयोगाइतकीच युरोपीय जिम्नॅस्टिक्स, शरीरसौष्ठव चळवळ आणि भारतीय व्यायामशाळा यांच्या मिश्रणातून घडली. महाराष्ट्राला यात नवल वाटण्याचे कारण नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी याच काळात सूर्यनमस्काराचा प्रचार केला. बडोद्याला माणिकराव यांच्या आखाड्यात तयार झालेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम काढून प्राणायामावर प्रयोगशाळेत मोजमापे सुरू केली. तालीम, दंड-बैठका आणि योग यांच्यामध्ये तेव्हा जाड भिंत नव्हती. पण एखाद्या गोष्टीचे मूळ मिश्र असले म्हणून तिचा आजचा अर्थ खोटा ठरत नाही. आसने कुठून आली, हा इतिहासाचा प्रश्न. ती करताना माणसाचे काय होते, हा दुसरा. वादात या दोहोंची पुष्कळदा गल्लत होते.

पुण्याला येण्याचे निमित्त एका डॉक्टरचे. १९३६ मध्ये कृष्णमाचार्यांनी शिष्यांसह उत्तर कर्नाटकात प्रात्यक्षिकांचा दौरा काढला. धारवाडला स्त्रियांना शिकवायचे ठरले तेव्हा सर्वांत लहान म्हणून ते काम अय्यंगारांकडे आले. त्यांचे पहिले विद्यार्थी म्हणजे त्या स्त्रिया. बेळगावचे सिव्हिल सर्जन डॉ. व्ही. बी. गोखले यांनी या शिष्यांना पाहिले आणि १९३७ मध्ये डेक्कन जिमखान्यावर सहा महिन्यांसाठी शिक्षक पाठवण्याची व्यवस्था केली. अठरा वर्षांचा, मॅट्रिक न झालेला, मराठी न येणारा, इंग्रजी जेमतेम बोलणारा मुलगा कॉलेजच्या धट्ट्याकट्ट्या विद्यार्थ्यांपुढे उभा राहिला. सहा महिन्यांची मुदत तीन वर्षांवर गेली आणि मग संपली. त्यानंतरची वर्षे हलाखीची. सायकलवरून घरोघर शिकवण्या, कधी दिवस नुसत्या पाण्यावर काढायचा. शिकवावे ते आधी स्वतःच्या अंगावर तपासायचे, ही सवय या काळातली. त्यांच्यापुढे ना ग्रंथ होते ना गुरू. रोज दहा-दहा तास स्वतःचे शरीर हेच पुस्तक. त्या शरीरावर त्यांनी विटा, दगड, खुर्च्या, दोर यांचे प्रयोग केले.

१९४३ मध्ये रमामणींशी विवाह झाला. योगाची काहीच ओळख नसलेल्या या मुलीला त्यांनी शिकवले आणि मग तीच त्यांचा अभ्यास पाहून चुका सांगू लागली. पाच मुली आणि एक मुलगा. त्यांपैकी गीता आणि प्रशांत यांनी वडिलांचे काम पुढे नेले.

कीर्ती आली ती १९५२ मध्ये, मुंबईत. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांनी पाच मिनिटांची भेट दिली होती. अय्यंगारांनी त्यांना शवासनात झोपवले, आणि श्रमलेले मेन्युहिन गाढ झोपी गेले. भेट काही तासांवर गेली. १९५४ मध्ये मेन्युहिन यांनी त्यांना स्वित्झर्लंडला बोलावले. वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेल्या बेल्जियमच्या राणी एलिझाबेथ यांनीही त्यांच्याकडून शीर्षासन शिकून घेतले. जयप्रकाश नारायण आणि अच्युतराव पटवर्धन त्यांच्याकडे शिकले, आणि जे. कृष्णमूर्तीही. सत्याकडे जायला कोणतीही पद्धत नाही, कोणी गुरू नाही, असे जन्मभर सांगणाऱ्या कृष्णमूर्तींनी पद्धतीच्या या कट्टर गुरूकडून आसने शिकावीत, हा विसंवाद मजेदार खरा. कृष्णमूर्तींच्या लेखी त्याचे उत्तर सोपे असणार: हा व्यायाम आहे, धर्म नाही. अय्यंगारांना नेमके हेच उत्तर मान्य नव्हते.

१९६६ मध्ये लंडनच्या ॲलन अँड अनविन यांनी 'लाइट ऑन योगा' प्रसिद्ध केले. मराठीत ते 'योगदीपिका' या नावाने आले. दोनशे आसने, सुमारे सहाशे छायाचित्रे, तीनशे आठवड्यांचा अभ्यासक्रम. प्रस्तावना मेन्युहिन यांची, अर्पण कृष्णमाचार्यांना. पुस्तकाच्या आरंभी योग म्हणजे काय याची लांबलचक तात्त्विक चर्चा आहे. बहुसंख्य वाचकांनी ती उलटून थेट चित्रे गाठली असावीत, असे पुस्तकांच्या जुन्या प्रतींत कुठली पाने मळलेली असतात त्यावरून वाटते.

अय्यंगारांचे प्रतिपादन थोडक्यात असे. आठ अंगे ही आठ पायऱ्या नव्हेत, की एक ओलांडली मग दुसरी. ती एकाच झाडाची अंगे आहेत. कुठूनही सुरुवात केली तरी सगळ्यांना पोषण मिळते. म्हणून एका आसनातही आठही अंगे साधता येतात. उदाहरण ताडासनाचे घेता येईल, कारण दिसायला त्यात काहीच नाही. ते केवळ उभे राहणे आहे. पण माणूस सहसा सरळ उभा राहत नाही. कोणाचा भार टाचेवर, कोणाचा एका पायावर, आणि चपलेची टाच एका बाजूने झिजलेली असते तीच त्याची साक्ष. दोन्ही तळव्यांवर, पुढे-मागे, आत-बाहेर भार सारखा पडायचा असेल तर आधी तो सारखा पडत नाही हे कळावे लागते. गुडघ्याच्या वाट्या वर उचलल्या की पोट सुटते. पोट आवरले की खांदे चढतात. एकेका ठिकाणी लक्ष नेणे म्हणजे धारणा. सगळ्या ठिकाणी ते एकाच वेळी सारखे पसरणे म्हणजे ध्यान. बलवान बाजूने दुबळ्या बाजूवर जोर करू नये, यात अहिंसा. जमले नाही ते जमले असे न दाखवणे हे सत्य. इंद्रिये शरीराच्या आत वळतात, तो प्रत्याहार. तैत्तिरीय उपनिषदातल्या पाच कोशांचा आधारही ते घेत: अन्नमय कोशापासून निघालेली जाणीव प्राण, मन आणि विज्ञान यांतून आत जाते. म्हणून ते लक्ष द्या असे नुसते सांगत नसत. मांडीची कातडी कोणत्या दिशेला वळली, करंगळीच्या मुळाशी भार आहे की नाही, असे विचारत.

सूत्रांचा अर्थ म्हणून हे प्रतिपादन ताणलेले आहे, हे कबूल करावे लागते. पतंजलीने आसनाला बाहेरचे अंग म्हटले आहे, आणि आसनातच धारणा-ध्यान मिळते असे त्याने कुठे सुचवलेले नाही. दुसऱ्या सूत्रातल्या प्रयत्नाच्या शैथिल्याचा अर्थ अय्यंगार असा लावतात की प्रयत्न पूर्णत्वाला गेला की मगच तो गळून पडतो. आधी शिथिल होणे म्हणजे आळस. हा अर्थ शब्दांतून निघतोच असे नाही. पण टीकाकार नेहमीच असे करत आले आहेत. ज्ञानेश्वरांनी गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या थोडक्या शब्दांवर नाथपंथाचा सगळा अनुभव ओतला, तेव्हा त्यांनीही मूळ ग्रंथात नसलेले काही त्यात घातलेच. प्रमाण वेगळे, रीत तीच: स्वतःला जे प्रत्ययाला आले ते आधीच्या प्रमाणग्रंथात वाचणे. अय्यंगारांच्या म्हणण्याची ताकद सूत्रांच्या अर्थात नाही, शिकवण्याच्या रीतीत आहे. ध्यान कर असे सांगितले तर माणसाला काय करावे कळत नाही. उजव्या पायाच्या अंगठ्याचे मूळ जमिनीवर ठेव, असे सांगितले तर कळते. आणि ते पाच मिनिटे राखताना मन किती वेळा पळाले हेही कळते.

तरी मुक्ताबाईचा आक्षेप उरतोच. अंगठ्याच्या मुळाविषयी अचूक झालेले लक्ष आत्म्याविषयीही अचूक होईल याची हमी काय? कसबी डोंबाऱ्याचे लक्षही दोरीवर असेच एकवटलेले असते. अय्यंगारांचे उत्तर ईश्वरप्रणिधान हे होते. ते श्रीवैष्णव घरातले. शरणागती हा त्यांच्या घरचा धर्म. आसन करणारा 'मी' ज्या क्षणी बाजूला होतो, त्या क्षणापासून ते आसन अर्पण होते, अशी त्यांची धारणा होती. शवासनाला ते सर्वांत अवघड आसन म्हणत, तेही याच कारणाने: तिथे करण्यासारखे काहीच उरत नाही. हे उत्तर भक्तीच्या परंपरेतले आहे, सांख्यांच्या नव्हे. आणि मराठी माणसाला ते ओळखीचे वाटते. पण मग पुढचा प्रश्न येतो: जो ईश्वर मानत नाही, त्याच्या आसनाचे काय?

हा प्रश्न पुस्तकी राहिला नाही. १९६९ मध्ये तो लंडनच्या शिक्षण प्रशासनासमोर आला. प्रौढशिक्षणाच्या वर्गांत योग शिकवावा का, यावर विचार होऊन परवानगी मिळाली ती एका अटीवर: आसने आणि प्राणायाम शिकवा, तत्त्वज्ञान शिकवू नका. सरकारी पैशाने धर्मप्रसार नको, ही त्यामागची काळजी. अय्यंगारांनी अट मान्य केली. त्यांनी पाखंड केले असे काहींना वाटले. पण त्यांच्या मतानुसार ते सुसंगतच होते. आठही अंगे आसनातच असतील, तर शब्द काढून घेतल्याने काय जाते? या निर्णयाने ब्रिटनमध्ये त्यांच्या पद्धतीचे शिक्षक तयार करण्याची आणि त्यांना प्रमाणपत्रे देण्याची व्यवस्था रुजली. त्याच निर्णयाने, दुसऱ्या बाजूने, योग म्हणजे पाठदुखीवरचा उपाय, हा समजही पक्का केला.

चीनमध्ये याच सुमारास असेच घडत होते. ताई ची ही मुळात घराण्यांत चालणारी युद्धकला, यिन-यांग आणि ताओ विचाराशी जोडलेली. यांग घराण्यातल्या यांग छंगफू (१८८३–१९३६) यांनी ती संथ, सर्वांना झेपेल अशा रूपात उघडपणे शिकवली. १९५६ मध्ये चिनी क्रीडा खात्याने तिचा चोवीस हालचालींचा सोपा क्रम ठरवून दिला. आरोग्य ठेवले, परमार्थ गाळला. यांग यांचे शिष्य झंग मानचिंग यांनी मोठा क्रम सदतीस हालचालींवर आणला आणि १९६४ पासून न्यूयॉर्कमध्ये शिकवला. ते मात्र चित्रकला, वैद्यक आणि कन्फ्यूशियसचे ग्रंथही शिकवत राहिले. दोन्ही विद्यांना लोकप्रियतेची किंमत सारखीच द्यावी लागली: विचार वेगळा काढता येतो हे सिद्ध झाल्यावरच दारे उघडली. २०११ मध्ये, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, अय्यंगार चीनला गेले तेव्हा ताई चीच्या देशात त्यांच्या पद्धतीने योग शिकणाऱ्यांची मोठी गर्दी त्यांच्यासमोर होती.

पुण्यातल्या संस्थेचे भूमिपूजन जानेवारी १९७३ मध्ये झाले आणि काही दिवसांतच रमामणी वारल्या. १९ जानेवारी १९७५ रोजी उघडलेल्या या संस्थेला त्यांचेच नाव दिले: रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्था. मॉडेल कॉलनीतल्या त्या इमारतीत भिंतीला बांधलेले दोर, लाकडी विटा, पट्टे, घडीच्या लोखंडी खुर्च्या दिसतात. ही साधने म्हणजे अय्यंगारांचा सर्वांत मौलिक शोध. त्यामागे तत्त्व आहे: आसनाचा जो परिणाम तरण्याबांड माणसाला मिळतो तो म्हाताऱ्याला, रुग्णाला, गरोदर बाईलाही मिळाला पाहिजे, फरक पडेल तो आधारात. वीट ठेवली म्हणून हात जमिनीला टेकल्याचे पुण्य कमी होत नाही. हठयोगाच्या वीरवृत्तीला दिलेला हा मोठा छेद होता. हाडे, सांधे आणि हृदय यांच्या रुग्णांसाठीचे वर्ग तिथे नियमित चालत.

शिकवण्याच्या तऱ्हेत मात्र कृष्णमाचार्यांचा अंश राहिला. आवाज चढलेला, हाताची थाप बसणारी, शिक्षकांनाही सर्वांसमोर झापणारी ती तऱ्हा होती, आणि तिच्याविषयी परदेशी विद्यार्थ्यांत तक्रारी होत्या तशा आख्यायिकाही. झोपलेली पेशी जागी करायला थाप लागते, असे समर्थन केले जाई. ते पूर्ण पटण्यासारखे नाही. अहिंसा आसनात असते असे सांगणाऱ्या शिक्षकाच्या हातातही ती असावी, ही अपेक्षा रास्त आहे. गुरू आणि प्रशिक्षक यांतला फरक इथे अडचणीचा होतो. गुरूचा राग परंपरेने प्रसाद मानला. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेतल्या शिक्षकाला ती सवलत मिळत नाही. अय्यंगार एकाच वेळी दोन्ही होते.

१९८४ मध्ये त्यांनी नियमित वर्ग मुलांकडे सोपवले, पण सरावाच्या दालनात येणे सोडले नाही. साठीच्या सुमारास झालेल्या अपघातांनी त्यांना पुन्हा पहिल्या आसनापासून सुरुवात करायला लावली होती आणि ती त्यांनी केली. उत्तरायुष्यातली पुस्तके आसनांकडून आत सरकत गेली: प्राणायामावरचे १९८१ मध्ये, पतंजलीच्या सूत्रांवरचे १९९३ मध्ये, आणि आयुष्याचा ताळेबंद मांडणारे 'लाइट ऑन लाइफ' २००५ मध्ये. नव्वदीनंतरही ते रोज त्याच दालनात, विद्यार्थ्यांच्या मधोमध, खुर्चीवर किंवा दोरांवर पाठ मागे टाकून दीर्घकाळ स्थिर राहत. तरुणपणीची झपाट्याने बदलणारी आसने कमी झाली होती; एकेका आसनात थांबण्याचा वेळ वाढला होता. वेरूळच्या मूर्तींत दिसतो तो आसनाचा जुना अर्थ, म्हणजे बैठक, त्यांच्या म्हातारपणी त्यांच्या अभ्यासात परत आलेला दिसतो. सूत्रांचे अर्थ लावताना जे ताणलेले वाटते ते इथे, एका शरीराच्या सत्तर-ऐंशी वर्षांच्या प्रवासात, बरेच सरळ दिसते.

१९९१ मध्ये पद्मश्री, २००२ मध्ये पद्मभूषण आणि २०१४ मध्ये पद्मविभूषण असे तीन सन्मान त्यांना मिळाले. २० ऑगस्ट २०१४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. संयुक्त राष्ट्रांनी २१ जून हा योग दिन ठरवला तो त्याच वर्षाच्या डिसेंबरात. थोरली मुलगी गीता यांनी स्त्रियांसाठीच्या योगाचे स्वतंत्र शास्त्र मांडले होते; १६ डिसेंबर २०१८ रोजी, वडिलांच्या जन्मशताब्दीनंतर दोन दिवसांनी, त्याही गेल्या. त्यानंतर प्रशांत आणि अय्यंगारांची नात अभिजाता यांनी संस्थेतले अध्यापन चालू ठेवले आहे. वर्गाची सुरुवात पतंजलीच्या वंदनेने होते, आणि मग पहिली सूचना येते: ताडासन, पाय जुळवा.